एका गावात दोन पोथ्या

आमच्या घरात त्या हिवाळ्यात काजळ धरलं जायचं ते कुणा बाळाच्या डोळ्यांसाठी नव्हे. सोनाआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, रोज सकाळी न्हाणीच्या आडोशाला करडईच्या तेलाचा दिवा लावायची, त्यावर तांब्याचं ताट पालथं धरायची आणि ताटाला बसलेली काजळी कोंबडीच्या पिसानं हळूच वाटीत झाडून घ्यायची. मग बाभळीचा डिंक भिजत घातलेला असायचा, त्यात ती काजळी मिसळून लोखंडी खलात घोटत बसायची. जितकी घोटावी तितकी शाई चकाकते, असं तिचं म्हणणं. ताट कामातून गेलं म्हणून आईची दिवसभर कुरकुर चाले, पण ती आत्याला ऐकू जाणार नाही इतक्याच आवाजात. विधवा होऊन माहेरी परतलेली नणंद आणि घरची सून यांच्यात जे अदबीचं वैर असतं ते आमच्याकडेही होतं, आणि दोघी एकाच चुलीपुढे बसून ज्वारीच्या भाकरी थापत ते निभावून नेत. बाहेर अंगणाच्या पलीकडे मेंढरं. मला अजूनही घर म्हटलं की आधी त्यांचा वास येतो, मग तिळाच्या चटणीचा, आणि मग त्या शाईचा, जो खरं तर वास म्हणण्याइतकासुद्धा नव्हता.

शाई पोथीसाठी होती. आमचं गाव कयाधूच्या काठचं, बाजाराला आखाडा बाळापूर आणि मोठ्या कामाला हिंगोली, अशा दोन टोकांत बसलेलं. गावात शेतकऱ्यांची आणि आमच्यासारखी शेती-मेंढरं दोन्ही करणारी घरं. देवळात एक हाती लिहिलेली पोथी होती. तिला सगळे 'भावाची पोथी' म्हणत. सुट्या लांबट पानांची, दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबलेली आणि लाल बासनात बांधलेली. तिच्यात सिदू नावाच्या मेंढक्याची आणि त्याच्या बहिणीची, मैनेची, गोष्ट होती. मैनेला नदीपल्याड दिलेली असते, दुष्काळ पडतो, सिदू मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी मुलूखभर हिंडतो आणि पुष्कळ वर्षांनी बहिणीला माहेरी आणायला निघतो, तर मध्ये कयाधूला पूर. मग तो आपली घोंगडी पाण्यावर टाकतो, नदी वाट देते आणि बहीण माहेरी येते. माघात आठवडाभर देवळात पोथी चालायची. शेवटच्या दिवशी नदी वाट देऊ लागली की बायांच्या बाजूला हुंदके सुरू व्हायचे, आणि दुसऱ्या दिवशी गावातले भाऊ आपापल्या बहिणींना आणायला निघायचे. आमच्याकडे लेकी माहेरी यायच्या त्या पंचमी-दिवाळीला येतच, पण भावाच्या पोथीचं येणं खरं मानाचं.

वाचायचे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. त्यांच्या आधी त्यांचे वडील वाचत. मधली पुष्कळ वर्षं, रझाकारांच्या धामधुमीत आणि त्यानंतर, वाचन बंदच पडलं होतं. गाव पुन्हा स्थिरस्थावर झालं तेव्हा आबांना धरून आणून पाटावर बसवलं, कारण वाचकाचा मुलगा तो वाचक. आबा उंच, थोडे वाकलेले, बोलायला अगदी कमी. मेंढरांशी जेवढं बोलत तेवढं आमच्याशी बोलले असते तर आईचं निम्मं दुःख कमी झालं असतं. पण पाटावर बसले की त्यांचा आवाज असा काही लागायचा की भांडकुदळ माणसंसुद्धा मांडी बदलायची विसरत.

आता रिवाज सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. पानं झिजली, कडा तुटायला लागल्या, की पोथीची नवी नक्कल करायची. ती पुरी झाली की देवळात ताडणी बसायची. म्हणजे वाचकानं जुनी पोथी मोठ्यानं म्हणायची आणि पाटलानं नवीवर बोट ठेवून शब्द न् शब्द जुळतो का ते पाहायचं. जुळली की दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी कयाधूच्या डोहात सोडायची. दोन पोथ्या गावात ठेवायच्या नाहीत. कधी काळी म्हणे तशा ठेवल्या होत्या, तर अर्धं गाव एकीला खरं म्हणू लागलं आणि अर्धं दुसरीला, आणि एका देवळात दोन ठिकाणी वाचन सुरू झालं. डोकी फुटली असं सांगत. खरं-खोटं कुणास ठाऊक, पण तेव्हापासून एका गावात एकच पोथी.

त्या वर्षी नक्कल करायची पाळी आली आणि ती माझ्याकडे आली. मी नुकतीच शाळा संपवून घरी बसले होते, माझं अक्षर गावात सगळ्यांत बरं होतं, आणि लग्नाचं अजून कुणी मनावर घेतलं नव्हतं. पोरीच्या हातानं पोथी लिहून घेणार का, असं काहीजण म्हणालेच. किसनराव पाटील तंबाखू मळता मळता म्हणाले की ज्याचं अक्षर त्याचं काम, आणि तो विषय तिथंच संपला. त्यांनीच नांदेडहून जाड कागद आणवला. काठचा बोरू तोडून आबांनी त्याची लेखणी तासून दिली. दिवाळी झाली आणि मी ओसरीवर बसले ते संक्रांत होऊन गेली तरी बसलेलीच होते.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की हे पाढे लिहिण्यासारखं काम आहे. तिसऱ्या-चौथ्या पानावर माझं मत बदललं. जुन्या पोथीच्या काळ्या ओळींत ओवीचे आकडे हिंगुळानं तांबडे केलेले होते. जिथं लिहिणारा चुकला होता तिथं त्यानं पिवळा हरताळ फासून वरून नीट शब्द लिहिला होता, आणि पान उन्हात तिरपं धरलं की हरताळाखालचा चुकलेला शब्द दिसायचा. मी तासचे तास पानं तिरपी धरू लागले. चुका वाचण्याइतकी गोडी मला नंतर चांगल्या चांगल्या छापील पुस्तकांतही लागली नाही. आणि समासात त्या लिहिणाऱ्यानं स्वतःचं काय काय टिपलेलं होतं. 'येथे शाई पातळ झाली.' 'आज कोकरे झाली, लिहिणे थोडे.' एके ठिकाणी अक्षर फारच वाकडं होतं आणि शेजारी बारीक अक्षरात होतं, 'बोटास बाभळीचा काटा, वाचणाराने रागावू नये.' त्याचं नाव कुठंच नव्हतं. पण काटा निघाल्यावर त्याचं अक्षर दोन पानांत कसं हळूहळू सावरत गेलं ते मी पाहिलं, आणि कुणा नात्यातल्या माणसाचं दुखणं बरं व्हावं तसा मला आनंद झाला. समास उतरवायचा नसतो, फक्त ओव्या उतरवायच्या, असं आबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे डोहात पोथी गेली की हा माणूसही जाणार होता.

पौषात हिंगोलीहून एक सर आले. कॉलेजात मराठी शिकवायचे आणि गावोगाव जुनी हस्तलिखितं बघत हिंडायचे. जीपमधून उतरताना त्यांच्या धोतराला ग्रीस लागलं होतं, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं. ओसरीवर त्यांनी पोथी मांडीवर घेतली तेव्हा आधी काही वाचलंच नाही. पान उजेडापुढं धरलं, कागदाचा लगदा कसा पसरलाय ते बघितलं, वास घेतला, कडेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाळ, पोथी वाचायची असते तशी बघायचीही असते. लेखक कोण, ते तर बघावंच. आधी शेवटचं पान. कवी आपलं नाव शेवटच्या ओवीत ठेवतो." त्या वेळी शेवटची पानं देवळातच होती, कारण पाटील मला पानं थोडी थोडी मोजून देत. सरांनी आबांना विचारलं, तर आबा म्हणाले की कुणाचं नाव वगैरे काही नाही त्यात, वाडवडलांपासून चालत आलंय. सर जरा चकित झाले, पण वाद घातला नाही.

सरांची फार इच्छा होती की जुनी पोथी डोहात न सोडता एखाद्या संस्थेत ठेवावी. पाटलांनी त्यांना चहा पाजला, भरपूर हुरडा खायला घातला आणि नाही म्हटलं. सर म्हणाले, निदान पानांचे फोटो तरी काढू द्या. त्यावर पाटील म्हणाले, "सर, फोटू म्हंजे दुसरी पोथीच की. मंग पुन्हा तेच झालं." सरांना हसू आलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम चेहऱ्यावर दिसलं. जाताना मला म्हणाले की तू ज्या डोळ्यांनी ही पानं बघतेस ते डोळे जप. मी त्यांना निरोप द्यायला फाट्यापर्यंत गेले आणि परत येताना रडले. पोथीसाठी रडणारी पोरगी म्हणून आईनं मला चांगलंच फैलावर घेतलं.

माघ लागला आणि पाटलांनी शेवटची पानं दिली. ती मी ओसरीवर उलगडली तेव्हा आत्या अंगणात लोकर पिंजत होती. सिदू नदीकाठी पोचला होता. मला पुढची घोंगडी आणि नदीची वाट पाठच होती, सगळ्या गावाला होती, म्हणून मी शब्द न बघताच लिहायला बोरू टेकवणार होते. पण पानावर घोंगडी नव्हती. नदी वाट देत नव्हती. पोथीत पूर ओसरतच नव्हता. सिदू अलीकडे उभा, मैना पलीकडे उभी, दोघं हाका मारतात आणि पाण्याच्या आवाजात हाका पोचत नाहीत, एवढंच होतं, आणि मग शेवटची ओवी:

सिदू ऐलथडी राहिला । मैनेने पदर हालविला ।
पाण्याने शब्द बुडविला । राघू मेंढका म्हणे सरली ॥

मी ती किती वेळा वाचली कोण जाणे. राघू मेंढका. आमच्याच काठचा, आमच्यातलाच कुणी मेंढरं राखणारा, आणि त्याचं नाव गावात एकालाही ठाऊक नव्हतं. आयुष्य मी पुढे जुन्या पोथ्यांतच काढलं, पण कवीचं नाव पहिल्यांदा नजरेला पडण्याचं ते सुख तसं पुन्हा मिळालं नाही. ते सुख फार टिकलं मात्र नाही. लगेच दुसरा विचार आला, की मग आबा दरवर्षी वाचतात ते कुठून?

मी पान घेऊन आबांकडे गेले. ते मेंढराच्या खुरातली जखम धूत होते. हात पुसून त्यांनी पान घेतलं. मी म्हणाले की सर विचारत होते ते कवीचं नाव इथं कुठं आहे का बघा. नाव त्यांच्या अंगठ्याला लागून होतं. आबांनी पुष्कळ वेळ पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पान माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, "न्हाई बा. नाव न्हाई कुठं."

तेव्हा मला कळलं. आबांना वाचता येत नव्हतं. लहानपणी वडिलांच्या मांडीशी बसून त्यांनी सगळी पोथी कानानं घेतली होती आणि पान कुठं उलटायचं तेही तसंच घेतलं होतं. गावानं त्यांना पाटावर बसवताना वाचता येतं का, हे विचारलंच नाही. वाचकाच्या पोराला कोण विचारणार? आणि इतकी वर्षं ते पानांकडे बघत पाठ म्हणत होते. मधल्या खंडात आजोबांचं वाचनही लोक विसरून गेले होते.

पुढचे दोन दिवस मी बोरूला हात लावला नाही. मी जे पानावर आहे ते लिहिलं तर ताडणीच्या दिवशी आबांचं म्हणणं आणि माझं लिहिणं जुळणार नव्हतं, आणि सगळ्या गावापुढे त्यांची गोष्ट उघडी पडणार होती. आबा म्हणतात ते लिहिलं तर सगळं गोड होणार होतं, पण दुसऱ्या दिवशी जुनी पोथी डोहात जाणार आणि तिच्याबरोबर राघू मेंढका कायमचा बुडणार. त्याला ओळखणारी जगात मी एकटी होते. कुणाशी बोलायची सोय नव्हती. शेवटी मी आबांनाच विचारलं, तेही आडून. म्हटलं, शेवटच्या पानाची शाई उडालीय, नीट लागत नाही. अंदाजानं लिहू की कसं? आबा मेंढरं सोडत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "दिसतं तसं लिही." आणि थोडं पुढं गेल्यावर थांबून परत म्हणाले, "पोरी, दिसतं तसंच लिही." मी लिहिलं. त्या पानावरचं माझं अक्षर आजही बाकीच्या पानांपेक्षा वाईट आहे.

नक्कल होते त्या वर्षी ताडणीच माघातलं वाचन धरत. ती सकाळीच बसली. देवळाच्या सभामंडपात आबा पाटावर, पुढं जुनी पोथी. पाटील समोर, नव्या पोथीवर बोट ठेवून. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, मी आत्याच्या शेजारी. सुरुवातीची पानं झाली. मध्ये मध्ये पाटील थांबवत, हितं 'गेला' हाय का 'निघाला', असं विचारत आणि आबा म्हणतील ते खरं धरून पुढं जात. दोन-चार ठिकाणी तसं झाल्यावर मागून कुणीतरी पुटपुटलं की पोरीच्या हातून चुका व्हायच्याच. आत्यानं मान वळवून त्या दिशेला असं पाहिलं की पुन्हा कुणी बोललं नाही. दुपार कलली. सिदू नदीकाठी आला. आबांचा आवाज नेहमीसारखा भरून आला, बायांनी पदर तोंडाशी नेले, आणि आबांनी घोंगडी पाण्यावर टाकली.

पाटलांचं बोट थांबलं. त्यांनी पान वर-खाली पाहिलं, मागचं पान पाहिलं, पुन्हा पुढचं पाहिलं. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. ते रागीट माणूस नव्हते, पण आवाज कडक झाला. म्हणाले की हे तू काय लिहिलंयस, एक-दोन शब्द चुकले तर समजू शकतो, पण इथं घोंगडीच नाही, नदी तशीच, बहीण तशीच. मनानं लिहिलंस का पोथीत? सभामंडपात गलका झाला. कुणी म्हणालं, सांगितलं होतं. कुणी म्हणालं, ते हिंगोलीचे सर आले होते, त्यांनीच काहीतरी डोक्यात भरवलं असणार. मी उठून जुनं पान पाटलांपुढं धरू शकले असते. वाचा म्हणू शकले असते. मी खाली बघत बसून राहिले, आणि आत्याचा हात माझ्या पाठीवर आला.

पाटील म्हणाले की शेवटची पानं फिरून लिहावी लागतील, आबा म्हणतात तशी. उद्या पोथी सोडायची ती सोडूच, आबांच्या तोंडात सगळं आहे. आबांनी हातातलं पान फळीवर ठेवलं. पाटावरून उठले आणि पाटाच्या खाली, जमिनीवर बसले. मला वाटतं बोलण्याआधी त्यांनी उठून खाली बसावं, हे त्यांचं आधीच ठरलं असावं.

"पोरगी बराबर हाय," ते म्हणाले. "चूक माजी हाय. मला अक्षर येत न्हाई. बापानं म्हणलं ते पाठ म्हणून राहिलो, इतकी सालं. आन शेवट बापाचाबी न्हाई. शेवट म्या केला."

मला वाटलं आता कुणीतरी हसेल, आणि कुणी हसलं असतं तर मी काय केलं असतं देव जाणे. कुणी हसलं नाही. पाटलांनी चष्मा परत लावला आणि नवं पान पुन्हा वाचलं. मग मला म्हणाले, तू जुनीतलं वाच, खणखणीत वाच, सगळ्यांना ऐकू दे. मी पाटाशी गेले, पण पाटावर बसले नाही. जमिनीवर, आबांच्या शेजारी बसले आणि राघू मेंढक्याचा शेवट वाचला. त्याचं नाव आलं तेव्हा पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी ते हळूच परत म्हणालं, मग दुसऱ्यानं म्हटलं. बाया रडत नव्हत्या. नदी वाट देते तेव्हा रडणाऱ्या त्या सगळ्या नुसत्या समोर बघत बसल्या होत्या. आत्यानं डोळे मिटून घेतले होते.

पाटलांनी मग जे केलं त्याबद्दल मी त्या माणसाला मनातून आजही नमस्कार करते. ते काही शिकलेले नव्हते, चौथीपर्यंत गेलेले. म्हणाले, "हिला सोडायची कशी? हिला आपन आजून ऐकलीच न्हाई. आधी ऐकू, मंग बगू." कुणीतरी रिवाजाची आठवण दिली, एका गावात दोन पोथ्यांची. पाटील म्हणाले की दोन पोथ्यांनी भांडणं लागतात ती लपवलेल्या पोथ्यांनी, उघड्यावर दोन्ही ठेवल्या की कशाला लागतील? हे पटण्याजोगं होतं की नव्हतं ते मला तेव्हाही कळलं नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. मग बायांच्या बाजूनं एक म्हातारी म्हणाली की ते वाचलं ते चांगलंच आहे, खरं असेल, पण त्यावर आम्ही उठणार नाही. उद्या लेकी आणायच्या आहेत, नदी अशी भरलेली ठेवून कसं चालेल? पाटलांनी आबांना म्हणायला सांगितलं. आबा पाटावर चढले नाहीत. तिथंच खाली बसून, पानाकडे न बघता, त्यांनी घोंगडी पाण्यावर टाकली, आणि सगळ्या बाया, नंतर सगळे पुरुषही, त्यांच्याबरोबर म्हणू लागले.

जुनी पोथी डोहात गेली नाही. अजून ऐकून झाली नाही, असं म्हणत म्हणत दरवर्षी तिचा विषय पुढं गेला. पुढची वाचनं आधी जुनीतून व्हायची आणि शेवट दोन व्हायचे, राघूचा आणि मग आबांचा. आबांचा शेवट मी नव्या पोथीत वेगळ्या पानावर लिहून घेतला, त्यांच्याच तोंडून. हिंगोलीच्या सरांना कळलं तेव्हा ते धावत आले, आणि यावेळी फोटोला कुणी नाही म्हटलं नाही. सर माझ्यामागं लागून मला कॉलेजात घेऊन गेले, आणि पुढं हस्तलिखितांच्या कपाटांतच माझा संसार झाला म्हणा. आता तर गावातली पोरं मोबाइलवर पानांचे फोटो काढून एकमेकांना पाठवतात आणि एखादं अक्षर लागलं नाही की मला हिंगोलीला फोन करतात. कापसानं झटका, ओल्या हातानं धरू नका, असं मी त्यांच्यावर ओरडते. ते ऐकतात आणि हसतात. काटा लागलेला तो माणूस समासात अजून आहे, त्याचं अक्षर अजून सावरतं आहे.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. देवळातून घरी निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्या पुढं होती, मी आणि आबा मागं. मला विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. शेवटी म्हटलं, आबा, तुम्हाला खरा शेवट ठाऊक होता, मग बदलला का?

आबांनी पुढं चाललेल्या आत्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाप गेला त्या साली पंचमीला हिला आनायला जानारं कुनी न्हवतं. म्या ल्हान. तरी निगालो एकटाच. कयाधूला पूर. ही पल्याड येऊन हुबी व्हती, दिसून राहिली व्हती. म्या हाका मारल्या. आवाज जाईना. मंग आलो माघारी." त्यांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली. "मेंढरामागं पोथी म्हनत हिंडायचो. त्या जागी आलं की पुढं म्हनवंना. मंग पोथीत तरी आनली हिला."

आत्या काही पावलं पुढं होती. तिला ऐकू गेलं असावं, कारण ती वाटेत उभी राहिली. मागं वळली नाही. आबा जवळ येईपर्यंत तशीच थांबली, आणि मग दोघं भावंडं शेजारी शेजारी घराकडे चालू लागली.